आ-मा मंदिर, मकाव

चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील मकाव शहरातले, माझू या समुद्रदेवतेचे जुने देवस्थान. शहराच्या नैर्ऋत्य टोकाला, बार्रा टेकडीच्या पायथ्याशी ते आहे. स्थानिक कँटनीज बोलीत त्याला ‘मा कोक म्यू’ म्हणतात.

माझू ही मूळची फूज्यान प्रांतातील मेइझोऊ बेटावरची लिन मो नावाची मुलगी. परंपरेनुसार तिचा जन्म इ. स. ९६० मध्ये झाला. जन्मताच ती रडली नाही, म्हणून नाव पडले मो, म्हणजे मूक. समुद्रावर गेलेल्या घरच्यांना तिने वादळातून वाचवल्याच्या कथा सांगतात. ९८७ मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी ती गेली आणि कोळी-खलाशांची देवता झाली. पुढे बादशहांनी तिला ‘स्वर्गाची सम्राज्ञी’पर्यंतच्या पदव्या दिल्या. दर्यावर जाणाऱ्यांच्या तोंडी मात्र ‘मा’, म्हणजे आई, हेच नाव राहिले.

मकावची आख्यायिका अशी : एका गरीब मुलीला श्रीमंतांच्या गलबतांनी घेण्याचे नाकारले. एका कोळ्याने तिला आपल्या लहानशा होडीत घेतले. वाटेत तुफान झाले, बाकीची गलबते बुडाली, होडी तेवढी किनाऱ्याला लागली. उतरताच मुलगी दिसेनाशी झाली. तिथे लोकांनी देऊळ बांधले.

देऊळ १४८८ मधले, असे सर्रास सांगितले जाते. त्याला आधार परंपरेचाच आहे. दगडात कोरलेला लेख १६०५ साली इथल्या व्यापाऱ्यांनी केलेले बांधकाम आणि १६२९ चा जीर्णोद्धार नोंदवतो. पण म्हणून देवी १६०५ मध्ये आली असे म्हणता येत नाही. पोर्तुगीज इथे १५५७ च्या सुमारास स्थिरावले, आणि त्याआधीच, १५५५ च्या पोर्तुगीज पत्रात या जागेचे नाव ‘आमा’ने सुरू होते. ‘आ-मा-गाव’, म्हणजे आ-माचा उपसागर, यावरूनच ‘मकाव’ झाले असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा दगडी देवळाआधी इथे देवीचे साधे ठाणे असावे, हे अनुमान योग्य वाटते. या बंदराचा गोव्याशीही जवळचा संबंध होता : गोव्याहून निघालेली पोर्तुगीज जहाजे मलाक्का, मकाव करत जपानला जात आणि १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता.

देवळे उतारावर एकावर एक चढत जातात. माझूबरोबर क्वान-यिन ही करुणेची देवताही इथे पुजली जाते. बौद्ध आणि ताओ उपासना एकाच आवारात चालतात. प्रवेशाजवळच्या मोठ्या खडकावर शिडाचे जहाज कोरून रंगवले आहे आणि त्यावर सुखरूप जलप्रवासाचे शुभवचन आहे. छताला टांगलेल्या उदबत्तीच्या मोठ्या वेटोळ्या कित्येक दिवस जळत राहतात. चांद्र पंचांगाच्या तिसऱ्या महिन्याच्या २३ तारखेला देवीचा जन्मोत्सव असतो; त्या वेळी देवळासमोर बांबूचा मंच उभारून संगीत नाटके होतात.

मकावच्या ऐतिहासिक भागाबरोबर २००५ मध्ये देवळाचा जागतिक वारशात समावेश झाला. २०१६ च्या चिनी नववर्षात एका दालनाला आग लागून नुकसान झाले. पूर्वी पायऱ्यांजवळ पाणी येई. आता समोर भराव, चौक आणि सागरी संग्रहालय आहे.