दुरुस्ती म्हणायचे की फेरबदल?

मांडवीवर पूल नव्हता तेव्हा पणजी-बेती फेरी हाच रस्ता होता. पुढे पूल झाला, ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला आणि फेरीबोटींना पुन्हा सगळ्यांचे ओझे वाहावे लागले. त्या बोटी दिसायला ओबडधोबड, पण बूड रुंद आणि माणसे, स्कूटर सगळे एकाच खालच्या डेकवर. नवे पूल आले तशा फेऱ्या मुख्यतः दिवाडी-चोडणसारख्या बेटांसाठी उरल्या आणि नदीत दुमजली पर्यटक बोटी वाढल्या.

बोटीवर मजला चढवण्यातला खरा घोळ 'दुरुस्ती' या शब्दात आहे. कुजलेली फळी बदलली, ती दुरुस्ती. ताडपत्री काढून वर बाकडी, कठडा आणि स्पीकर बसवले, तर मालकाच्या तोंडी तीही दुरुस्तीच. कायद्याच्या लेखी तसे नाही. अंतर्देशीय जहाजांच्या १९१७ च्या कायद्यातही बोट नोंदणीपत्रातल्या वर्णनाशी जुळेनाशी झाली की बदल नोंदवावा लागे. त्याची जागा २०२१ च्या कायद्याने घेतली, पण धक्क्यावरची भाषा तीच राहिली.

हिशेब साधा आहे. माणसांसकट साठ टनांची बोट धरा. त्यातली शंभर माणसे, म्हणजे सुमारे सहा टन, अडीच मीटर वर गेली की अख्ख्या बोटीचा गुरुत्वमध्य पाव मीटर वर सरकतो आणि तिचा तोल नाजूक होतो. एकही प्रवासी जास्त नसताना! वर रेईश मागूशचा किल्ला दिसला की सगळे फोन घेऊन एकाच कठड्याला. आपल्याकडे चर्चा मात्र 'किती माणसे भरली' इथेच अडते.

१९१५ मध्ये शिकागोत ईस्टलँड ही प्रवासी बोट धक्क्याला बांधलेली असतानाच उलटली आणि ८४४ जण गेले. टायटॅनिकनंतर जास्तीच्या जीवरक्षक नावा तिच्या वरच्या डेकवर चढवल्या होत्या, म्हणजे सुरक्षेसाठी! ३० सप्टेंबर २००९ ला थेक्कडीत दुमजली बोट उलटून ४५ जण बुडाले. ७ मे २०२३ ला केरळातच तानूरला २२ जण गेले. ती बोट मुळात मासेमारीची असल्याचे समोर आले.

तोल तपासायची रीत जुनीच आहे. वारा पडलेला असताना डेकवर ठरावीक वजने एका बाजूकडून दुसरीकडे सरकवायची आणि आत टांगलेला ओळंबा किती हलतो ते मोजायचे. वरचा मजला चढवला की ही चाचणी पुन्हा करावी लागते, आणि तेवढा वेळ बोट धंद्याबाहेर राहते. 'दुरुस्ती' शब्द सोयीचा पडतो तो इथे.