बेदगेलर्टच्या कबरीत कुत्रा नाही

वेल्सच्या डोंगराळ वायव्य भागात, ग्लासलिन आणि कोल्विन नद्यांच्या संगमावर बेदगेलर्ट हे छोटंसं गाव आहे. तिथली गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. १३व्या शतकातला राजपुत्र लुवेलिन शिकारीहून परततो. पाळणा उलटलेला, गेलर्ट कुत्र्याचं तोंड रक्ताने माखलेलं. राजपुत्र त्याला तलवार खुपसतो आणि मग पाळण्याखाली बाळ सुखरूप सापडतं, शेजारी मेलेला लांडगा.

नदीकाठच्या शेतात, झाडाखाली कुंपण घातलेली कबरही आहे. पाटीच्या दगडावर ही हकिगत वेल्श आणि इंग्रजीत कोरलेली आहे. माणसं तिथे उभी राहून डोळे पुसतात.

पण ही कबर उभारली गेली १८व्या शतकाच्या अखेरीस. गावातल्या 'गोट' खाणावळीचा मालक डेव्हिड प्रिचर्ड याने प्रवासी यावेत म्हणून तो दगड उभा केला, असं मानलं जातं. लुवेलिन तर १२४०मध्येच वारला होता.

गावाच्या नावात 'बेद' म्हणजे कबर, हे खरं. पण ती केलर्ट नावाच्या प्राचीन ख्रिस्ती साधूची, असं अभ्यासक मानतात. इथे ऑगस्टिनियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ होता. त्याचंच चर्च आज गावचं चर्च आहे. गावाचा खरा वारसा तो, आणि त्याच्याकडे फार कमी लोक वळतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि गोष्ट? ती आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. पंचतंत्रात लांडग्याच्या जागी साप आहे, कुत्र्याच्या जागी मुंगूस आणि तलवारीच्या जागी ब्राह्मणीच्या हातातला पाण्याचा घडा.