बाटलीचं मतदान वेगळं, ब्रेक्झिट वेगळं

परवा कराडच्या स्टँडसमोर चहा पिताना परत तेच कानावर आलं, "ब्रिटनच्या लोकांनी सर्वमत घेऊन ब्रेक्झिट केलं, युरोपियन युनियन सोडली, स्वतःच पायावर धोंडा मारून घेतला, आपल्याकडं बाटलीचं मतदान होतं तसंच की, जनतेनं ठरवलं, जनताच जबाबदार." अहो तसंच कुठलं? आणि आधी तो शब्द नीट करा राव, एका प्रश्नावर सगळ्या जनतेचं मतदान घेतात त्याला सार्वमत म्हणतात, सर्वमत नाही. सगळ्यांचं एकमत असतं तर मतदान कशाला घेतलं असतं!

बाटलीचं काय सांगायचं, सगळ्यांना माहितीय. २५ टक्के बायकांच्या सह्या, मग उभी बाटली (दुकान चालू) की आडवी (दुकान बंद) असं मतदान, आणि दारूचं दुकान बंद व्हायला यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांची मतं आडवीला लागतात. ब्रेक्झिटला असली अट नव्हती. २३ जून २०१६ ला ५१.९ टक्के मतं 'सोडा'ला पडली, पण मतदार यादी धरली तर ती जेमतेम ३७ टक्के. असो, इथं कोण फार अडखळत नाही.

अडखळतात ते पुढं. आमच्या गावात मतदान झालं तेव्हा काकू शाळेतनं पदर सावरत बाहेर आली आणि म्हणाली, "पाडली बाई एकदाची." बाटली पडली की कुठल्या शटरला कुलूप लागणार हे तिला पक्कं माहिती होतं. म्हणजे निकालाची जबाबदारी काकूची, ती नाकारणारही नाही.

ब्रेक्झिटच्या मतपत्रिकेवर युरोपियन युनियनमध्ये राहायचं का सोडायचं एवढंच होतं. सोडायचं म्हणजे कसं? नॉर्वेसारखं बाहेर राहून त्यांच्या बाजारात राहायचं, का तेही सोडायचं, आयर्लंडच्या सीमेवर काय करायचं, ह्यातलं काहीच नाही. मार्च २०१९ मध्ये ब्रिटनच्या खासदारांनी आठ पर्याय मतदानाला घेतले आणि आठच्या आठ पडले. आता सांगा, १ कोटी ७४ लाख लोकांनी ह्यातलं नेमकं काय मागितलं होतं?

माझ्या मते पहिला जबाबदार तेव्हाचा पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून. पक्षातली भांडणं मिटवायला आणि युरोपियन युनियन सोडा म्हणणाऱ्या युकिप पक्षाला रोखायला २०१३ मध्ये सार्वमताचा शब्द दिला, कायद्यानं निकाल बंधनकारक नव्हता तरी 'तुम्ही ठरवाल ते आम्ही करू' अशी पत्रकं घरोघर वाटली, आणि 'सोडा' आलं तर काय करायचं ह्याची तयारीच खात्यांना करायला सांगितली नाही. संसदेच्या समितीनं त्याला घोर निष्काळजीपणा म्हटलंय, मी पदरचं सांगत नाही. दुसऱ्याच दिवशी गड्यानं राजीनामा जाहीर केला. त्याच्या मागोमाग सार्वमताचं बिल ५४४ विरुद्ध ५३ मतांनी पुढं नेणारे खासदार, त्यात विरोधातल्या मजूर पक्षाचेही आले, त्यांचं नाव मात्र कुणी घेत नाही.

चहावाला म्हणाला, "मग मतं देणारे सुटले व्हय?" सुटले कुठं, आठवड्याला ३५ कोटी पौंड वाचतील असं 'सोडा'वाल्यांनी प्रचाराच्या बसवर रंगवलेलं बघून ज्यांनी डोळे झाकून शिक्का मारला त्यांचा तेवढा हिस्सा आहेच. पण तो बस रंगवणाऱ्यांच्या नंतर.