पेनड्राइव्हवर सुरू, डिस्कवर ठप्प

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपात ड्रॉइंगसाठी नवा संगणक येतो. पंखा फिरतो, दिवे लागतात आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटते: ‘नो बूटेबल डिव्हाइस’, म्हणजे संगणक सुरू करता येईल अशी डिस्कच सापडत नाही. विंडोज भरलेला पेनड्राइव्ह लावला की मात्र सगळं नीट सुरू होतं. मग कुणीतरी निकाल देऊन टाकतो, “डिस्क गेली भावा, फॉरमॅट मार!”

जरा थांबावं. पेनड्राइव्हवर चालतोय म्हणजे प्रोसेसर, रॅम आणि पॉवर सप्लाय यांच्यावर शंका घ्यायचं फारसं कारण उरत नाही. अडलंय ते मदरबोर्ड आणि डिस्क यांच्या मधे कुठेतरी.

बटण दाबल्यावर प्रोसेसरला विंडोज वगैरे काही ठाऊक नसतं. तो आधी मदरबोर्डवरच्या छोट्या चिपमधला प्रोग्रॅम चालवतो. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून त्याला बायॉस म्हणतात. डिस्कवर विंडोज कुठे आहे हे जुन्या बायॉसला कळायचं नाही, कळून घ्यायची गरजही नव्हती. तो डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचायचा, शेवटी ठरलेली खूण दिसली की कारभार तिथल्या कोडकडे सोपवायचा. या पद्धतीतल्या पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कवर पाडलेल्या कप्प्यांच्या, तक्त्याला साधारण २.२ टेराबाइटच्या पुढचं मोजता येत नाही. डिस्क मोठ्या होत गेल्या तशी ही मर्यादा जाचू लागली.

आताचे बोर्ड बायॉसच्या जागी आलेल्या यूईएफआय पद्धतीचे. २००५ मध्ये त्यासाठी कंपन्यांचा फोरम स्थापन झाला. यात डिस्कवर फॅट-३२ या साध्या मांडणीचं एक लहानसं पार्टिशन असतं, त्यात विंडोज सुरू करणारी फाइल असते आणि ती कुठे आहे याची नोंद बोर्डाच्या स्मृतीत असते. राजारामपुरीत घर शोधताना कितवी गल्ली ते सांगावं लागतं, तसंच इथे कोणतं पार्टिशन आणि कोणती फाइल हे दोन्ही लागतं. पेनड्राइव्हला अशी नोंद लागत नाही. त्याच्यावर ठरलेल्या फोल्डरात ठरलेल्या नावाची फाइल सापडली की बोर्डाचं काम भागतं. म्हणून तो चालतो आणि आतली डिस्क अडते.

आता तपासणी. सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बोर्डाच्या सेटअपमध्ये जा आणि डिस्कचं नाव दिसतंय का ते बघा. दिसत नसेल तर भानगड बहुधा जोडणीची. वायरीने जोडायच्या साटा डिस्कला डेटाची आणि पॉवरची अशा दोन वायरी लागतात. एम.२ प्रकारात, म्हणजे बोर्डावरच्या खाचेत थेट बसणाऱ्या पट्टीत, फसगत जास्त होते. साटा आणि एनव्हीएमई अशा दोन जातींच्या पट्ट्या जवळपास सारख्याच दिसतात, पण प्रत्येक खाच दोन्ही स्वीकारतेच असं नाही. काही बोर्डांवर तर एम.२ भरली की एखादा साटा पोर्ट बंद होतो. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, जे खोक्यातच राहून जातं.

नाव दिसतंय, पण बूट होत नाही? मग ती जुन्या संगणकातली, जुन्या पद्धतीने विंडोज टाकलेली डिस्क आहे का ते बघा. जुनी पद्धत चालवणारी सीएसएम ही सोय नव्या बोर्डांवर बहुधा बंद असते, काहींवर तर नसतेच. ती चालू करून वेळ निभावते, पण सिक्युअर बूट, म्हणजे खात्रीचाच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी सोय, सोडावं लागतं. त्यापेक्षा बॅकअप घेऊन विंडोजमधल्याच ‘एमबीआर-टू-जीपीटी’ या साधनाने डिस्कवरचा जुना तक्ता (एमबीआर) नव्या पद्धतीत (जीपीटी) बदलून घेणं मला जास्त पटतं.

सगळ्यात गमतीचा घोटाळा दोन डिस्कांचा. जुनी डिस्क जोडलेली असतानाच नव्या डिस्कवर विंडोज टाकलं, तर इन्स्टॉलर सुरुवातीची फाइल कधी कधी जुन्या डिस्कवरच्या तयार पार्टिशनमध्ये ठेवतो. सगळं छान चालतं. पुढे कधीतरी जुनी डिस्क काढली, की नवी मुकी! विंडोज शाबूत, फायली शाबूत, फक्त ती सुरुवातीची फाइल गेलेली. नव्या डिस्कवर ते लहान पार्टिशन तयार करून, पेनड्राइव्हवरून ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा दिली की फाइल पुन्हा लिहिली जाते. विंडोज टाकताना एकच डिस्क जोडलेली ठेवली, तर हा खटाटोपच टळतो.

सेटअपमध्ये हात घालण्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का तेही बघून घ्या. चालू असेल तर सिक्युअर बूट बदलताच ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते, आणि त्या खात्याचा पासवर्ड आधी आठवावा लागतो.