वारा, हवा आणि पंचनाम्यातला रकाना

मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी चारच्या सुमारास वावधन सुटतं. गोठ्याच्या टिना उडून शेजारच्या वावरात पडतात, आंबिया बहराच्या संत्र्याची कोवळी फळं झाडाखाली सडा पडल्यासारखी दिसतात. दुसऱ्या दिवशी पटवारी येतो. (2024 मध्ये तलाठ्याचं पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं, विदर्भातल्या खेड्यात तो आधीही पटवारी होता, आताही पटवारीच आहे.) पंचनाम्यात नुकसानीचं कारण काय लिहायचं यावर ओट्यावर चर्चा रंगते. वारा, वादळ की अवकाळी पाऊस? एवढ्याशा शब्दाला इतकं महत्त्व कसं आलं, त्याची ही पार्श्वभूमी.

‘वारा’ हा घरचा शब्द, संस्कृत ‘वात’च्या कुळातला. त्याच गोतावळ्यातला ‘वाव’ आजही वावटळ, वावधन, वावडी या शब्दांत लपून बसला आहे. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून वावटळीचीही ‘वावटय’ होते. ‘हवा’ अरबीतून फारसीमार्गे आली. हवामान, हवापालट, हवाई ही तिची लेकरं. हवालदाराचा मात्र तिच्याशी काही संबंध नाही, तो ‘हवाला’ या शब्दाच्या घरचा.

पश्चिमेकडच्या मराठीत साधारणपणे हवा भरलेली असते आणि वारा वाहतो. विदर्भात ही वाटणी तितकी पक्की राहिली नाही. ‘आज लय हवा सुटली’ असं इथे सहज म्हणतात, आणि कूलरसमोर खाट ओढायची तीही हवा खायलाच. कारण फार दूरचं नाही. नागपूर 1861 पासून मध्य प्रांतात होतं, 1903 मध्ये वऱ्हाड त्याच कारभाराला जोडला गेला आणि 1956 पर्यंत हा सगळा मुलूख हिंदी भाषकांबरोबर एका राज्यात नांदला. कचेरीत, बाजारात, रेल्वे स्टेशनात हिंदी कानावर पडत राहिली आणि ‘हवा’ हलायला लागली.

वावरात आणि अंगात मात्र ‘वारा’ टिकला. हडंबा, म्हणजे मळणी यंत्र, येण्याआधी खळ्यावरचं काम वाऱ्याच्या मर्जीवर चाले. तिवईवर उभ्या बाईने सूप डोक्याच्या वर धरून हलकं हलवायचं. दाणा सरळ खाली, कुटार चार हात लांब. वारा पडला की सूप खाली आणि सगळे बसून. लकवा झालेल्या माणसाच्या ‘अंगावरून वारं गेलं’ असंच आजही सांगतात. देवीचं वारं अंगात येतं, ओली बाळंतीण वाऱ्यापासून जपली जाते, आणि मोकाट उधळलेलं वासरू वारा प्यालेलं असतं. निवडणुकीत मात्र कोणाचा वारा नसतो, हवा असते. तीही निकालाच्या दिवशी निघून जाते.

आता सरकारी कागदाकडे. मदतीच्या केंद्रीय निकषांत ज्या आपत्ती मोजल्या आहेत, त्यांत चक्रीवादळ आहे, गारपीट आहे, ढगफुटी आहे, पूर आहे. नुसता वारा नाही. चक्रीवादळ म्हणजे समुद्रावर तयार झालेली, ताशी 62 किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाचा सलग वारा असलेली प्रणाली. विदर्भातलं उन्हाळी वावधन तसं नसतं. तापलेल्या जमिनीवर ढग उभा राहतो, त्यातली गार हवा धाडकन खाली येते आणि पंधरा-वीस मिनिटांत दोन-चार गावं झोडपून निघून जाते. त्यातला एखादा झोत 62 चा आकडा ओलांडतोही. पण झोत वेगळा आणि सलग वेग वेगळा. अमरावतीच्या शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगता येतो, पटवून देता येत नाही, आणि खरं तर त्याने का पटवून घ्यावं? टिना उडायला समुद्र लागत नाही.

राज्याने 2014 मध्ये स्वतःची वेगळी यादी केली: अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणं, समुद्राचं उधाण, आकस्मिक आग. किनाऱ्याचं उधाण आत आलं, पठारावरचं वावधन पुन्हा बाहेर.

पीक विम्याचा गुंता आणखी निराळा. 2016 च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उत्पादनातली घट मोजताना वादळ ग्राह्य धरलं होतं. पण ती घट अख्ख्या महसूल मंडळाच्या, म्हणजे अनेक गावांच्या गटाच्या, सरासरीवर ठरते. एकट्या शेताचं नुकसान 72 तासांत कळवायची जी सोय होती, तिच्यात गारपीट, भूस्खलन, पाणी साचणं अशी कारणं होती. वारा तिथेही नव्हता. म्हणजे सगळ्या मंडळाची तूर लोळली तर वारा खरा, एकाच्याच वावरात लोळली तर वारा आलाच नाही. राज्यात 2025 च्या खरिपापासून ही वैयक्तिक सोयही काढून भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे मंडळातल्या निवडक शेतांत मोजलेल्या उत्पादनावर, आणली गेली. खर्च आणि गैरप्रकार ही कारणं पुढे आली. त्यांत तथ्य असेलही. पण पट्ट्यापट्ट्याने येणाऱ्या वाऱ्याचं नुकसान सरासरीत कसं दिसणार, हा प्रश्न तसाच आहे. हवामान केंद्र साधारण मंडळाला एक, वावधनाचा पट्टा त्याच्यापासून तीन कोसांवरून गेला तर यंत्रात झुळूकच नोंदवली जाते.

म्हणून ओट्यावरच्या चर्चेत जुनी माणसं आधी एकच गोष्ट विचारतात: थेंब पडले होते का? अंगणातली माती भिजण्याइतके जरी पडले असले, तरी रकान्यात ‘वादळी वाऱ्यासह अवकाळी पाऊस’ असं लिहून घेतात. वारा तिथे पावसाचा सोबती म्हणून बसतो.