जंतांचं औषध थकलं, मग चराईची आठवण झाली

पावसाळ्यात मेंढी मलूल झाली, डोळ्यांची आतली कड पांढरी पडली आणि जबड्याखाली पाण्याची सूज लोंबू लागली, तर बहुतेक वेळा हिमाँकस हा रक्तपिपासू जंत निघतो. तो मेंढीच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहतो. एकेक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते. ती लेंड्यांतून बाहेर पडली की दमट, उबदार हवेत आठवडाभरात अळ्या तयार होतात आणि ओल्या गवताच्या पात्यांवर चढून बसतात. त्यातल्या बहुतेक जमिनीपासून दोनेक इंचांतच असतात. म्हणून गवत बुडापर्यंत खाल्लेल्या रानात तोच कळप पुन्हा घातला, की जंतही पुन्हा पोटात.

आपल्याकडचे धनगर मेंढपाळ पावसाळा दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात काढतात आणि दिवाळीच्या सुमारास वाडा, म्हणजे कळपासह मुक्कामाचा तळ, हलवतात. कोणी कोकणात उतरतं, कोणी काढणी झालेल्या शेतांत मेंढ्या बसवतं. हे सगळं चारा-पाण्यासाठी. पण वाडा हलता असल्याने कळप आपल्याच लेंड्यांवर फार दिवस चरत नाही. शिवाय बाभळीचा पाला आणि शेंगा. उंच फांदीवर अळ्या पोचत नाहीत, आणि बाभळीतलं टॅनिन हे तुरट द्रव्य जंतांना मानवत नाही. अर्थात जुन्या पद्धतीत मेंढ्या जंतांनी मरतच नव्हत्या, असं कोणी समजू नये.

१९६१ मध्ये थायाबेंडाझोल हे जंतांचं औषध आलं आणि जगभर चराईचा विचार मागे पडला. तीनच वर्षांत त्याला न जुमानणारे जंत सापडले. १९८१ मध्ये आयव्हरमेक्टिन आलं, त्याचंही पुढे तेच झालं. यात एक सल्ला तर चांगलाच अंगाशी आला: सगळ्या कळपाला औषध पाजा आणि लगेच स्वच्छ कुरणात न्या. ऐकायला चोख. पण औषधातून वाचलेले जंत तेवढे मेंढ्यांच्या पोटातून नव्या कुरणात गेले, आणि तिथे त्यांच्यात मिसळायला साधे जंतच नव्हते. पुढची सगळी पैदास औषध पचवणाऱ्यांची झाली.

दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यांनी १९९० च्या दशकात यावर उतारा काढला. मेंढीची खालची पापणी ओढायची, आतला रंग पाच छटांच्या तक्त्याशी ताडायचा आणि फिकट दिसेल तिलाच औषध द्यायचं. फामाचा म्हणतात ती हीच पद्धत. मोजक्याच मेंढ्या बहुतेक जंत वाहतात, म्हणून हे जमतं.

खुराकाकडेही लक्ष गेलं. विण्याच्या आगेमागे मेंढीची प्रतिकारशक्ती घटते आणि लेंड्यांतली अंडी एकदम वाढतात. या काळात पेंडीसारखा प्रथिनांचा खुराक दिला तर ही वाढ आटोक्यात राहते. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने वेगळी वाट धरली. बंगालची गारोल मेंढी दलदलीत वाढलेली, जंतांना दाद न देणारी. तिचा आपल्या दख्खनी मेंढीशी संकर करून त्यांनी कोकरांची जंत सोसण्याची ताकद तपासली. इकडे वाड्यांची चराऊ रानं मात्र आक्रसत चालली आहेत, आणि थांबलेला कळप त्याच गवतावर पुन्हा पुन्हा चरतो.