फोन टॅपिंगला कोर्टाचा आदेश लागतो?

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरणारा दावा असा: ‘कोर्टाच्या आदेशाशिवाय फोन टॅप होत नाही, फक्त तातडीच्या वेळी चौकीतले साहेब सात दिवस ऐकू शकतात.’ यातल्या दोन्ही गोष्टी चूक.

आपल्याकडे टॅपिंगला कोर्टाचा आदेश लागतच नाही. आदेश गृहसचिव देतात, राज्याचे किंवा केंद्राचे. १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयीन पूर्वपरवानगी बंधनकारक केली नाही, कार्यपद्धती मात्र घालून दिली.

आता तातडीचं. केंद्राच्या २०२४ च्या टॅपिंगविषयक नियमांनुसार दुर्गम भागात किंवा कारवाईच्या कारणाने पूर्वपरवानगी शक्य नसेल, तरच टॅपिंगसाठी अधिकृत केलेल्या यंत्रणेचा प्रमुख किंवा त्याच्या खालोखालचा अधिकारी आदेश काढू शकतो. राज्यात तो किमान पोलीस महानिरीक्षक दर्जाचा हवा. फौजदार सोडाच, ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकालाही हा अधिकार नाही. तीन कामकाजी दिवसांत गृहसचिवांना कळवायचं. सात कामकाजी दिवसांत मंजुरी आली नाही तर टॅपिंग बंद, आणि ऐकलेलं पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. ‘सात दिवस’ आले ते इथून!

नंतर हे आदेश तपासणारी पुनर्विलोकन समितीही सरकारी सचिवांचीच, म्हणजे सरकारचं काम सरकारच तपासणार. खरा वादाचा मुद्दा हा आहे, त्यावर मात्र ग्रुपवर चकार शब्द नसतो.